आधी टाका, मग लेप

कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. वयाने तिच्याहून मोठे असलेले मुख्य साहेबसुद्धा. बावीस वर्षं तिने रेनकोट शिवले आणि गेली नऊ वर्षं ती हृदयाच्या झडपा शिवत होती. गुरांच्या हृदयावरच्या पातळ पडद्याच्या तीन पाकळ्या, केसासारखा दोरा आणि भिंगाखाली शेकडो टाके. "तिथे माणूस बाहेरून भिजू नये म्हणून शिवायचे, इथे आतून गळू नये म्हणून. काम तेच," असं ती म्हणे.

अशा झडपेवर काही वर्षांनी चुना धरतो, नळाच्या तोटीवर धरतो तसा. पाकळ्या ताठरतात आणि छाती पुन्हा उघडावी लागते. मावशीच्या थोरल्या बहिणीची झडप बसवल्यापासून आठव्या वर्षीच उघडली होती. त्यामुळे चुना रोखणाऱ्या नव्या औषधी लेपाचं तिला कोण कौतुक! लेप लावलेल्या पाकळ्या आल्या, तिने बारा झडपांपैकी पहिली शिवली, भिंगाखाली धरली, आणि कौतुक जागच्या जागी उतरलं. प्रत्येक टाक्याभोवती लेपाचा पापुद्रा सुटला होता.

बाराही झडपा पुढच्या आठवड्यात पेशंटांना बसवायच्या होत्या. शिवणारीच्या सहीचं कार्ड असल्याशिवाय झडप दाराबाहेर पडत नसे. मावशीने पेनाला टोपण लावलं.

लेप शोधून काढणारे साहेब तरातरा आले. "सात वर्षं घासलीत मी यावर."

"लेप झकासच आहे हो. पण आधी शिवा, मग लावा. रेनकोटाच्या शिवणीवरची पट्टी शिवून झाल्यावर चिकटवतात."

"हा रेनकोट नाही, मावशी."

"म्हणून तर. रेनकोट गळला तर माणूस नुसता शिंकतो. इथला पापुद्रा रक्तात वाहून जाईल."

"लेप तपासणीत पास झालाय," मुख्य साहेब मध्ये पडले.

"बिनटाक्याच्या तुकड्यांवर. मीच कापून दिले होते."

"सही दुसरी कुणी करेल. तुम्ही उद्यापासून पॅकिंगला बसा."

"बसते. पण ही झडप मी डब्यात भरणार नाही, आणि कुणी भरली तर का भरू नये ते दारात उभी राहून सांगेन."

एवढ्यात लेपवाल्या साहेबांनी भिंगाला डोळा लावला होता. तो बराच वेळ निघेना. निघाला तेव्हा चेहरा उतरलेला.

"शिवल्यावर लावला, तर टाक्याखाली पोचेल कसा?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही शोधा. सात वर्षं घासलीत, अजून थोडी."

"आणि पेशंट?" मुख्य साहेब कडाडले.

"ज्यांना थांबवत नाही त्यांना साधी बसवा," मावशी म्हणाली. "तिच्यावर चुना धरेल, पण निदान सांगून-सवरून धरेल." आणि तिने साध्या पाकळ्यांची बरणी पुढे ओढून सुईत दोरा ओवला.