आमचा भेकड वकील

२०२३ साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा होतो, तवा जिंदगीत पयल्यांदा कोर्टाची पायरी चढलो. माह्यासाठी उभा राह्यला तो वकील असा, की चंद्रपूर अन् गडचिरोली दोन्ही जिल्हे चाळणीतून चाळले तरी त्याच्याहून भेकड माणूस निघायचा नाई. मी चौथीतून शाळा सोडली, पण माणूस मले वाचता येते. हा कुत्र्याले भ्यायचा, विजेले भ्यायचा, जज्जसाहेब नुसते खोकलले तरी ह्याचं पाणी पाणी व्हायचं. अन् तालुक्यातले खून, मारामाऱ्या, वावराच्या धुऱ्याची, बांधाची भांडणं, सारे अवघड खटले याच्याच ओसरीवर चालत यायचे. मी एकाले इचारलं, काऊन बाप्पा? तो म्हणे, "ज्या वकिलाले भेव नाई तो झोपते. हा झोपत नाई."

पक्षकारानं वकिलाले धीर द्यायचा, हे मी त्याच्याकडंच पाह्यलं. कोर्टाच्या आवारात एकदा खुनाच्या खटल्यातला आरोपी होता, दोन्ही हातांत बेडी. तो त्या बेडीसकट वकिलाच्या पाठीवर हात फिरवून म्हणे, "साहेब, पाणी प्या. होईल ते होईल." बाजूचा पोलीस हसून राह्यला होता, पण पाण्याची बाटली त्यानंच आणून देली. भर मे महिन्यातबी वकील काळा कोट काढत नसे, कारण कोटात हात घातले म्हणजे थरथर दिसत नाई. लग्न असो, तेरवी असो, बोलावलं तिथी तो जाणार, अन् जेवणाच्या पंगतीत बसण्याआंधी मांडवाच्या वायरी तपासणार. आमच्या गावच्या एका लग्नात त्यानं अख्खी पंगत आंब्याखालून उठवली. म्हणे, वर आग्या मोहोळ आहे, बँड वाजला त उठन. लोकायनं शिव्या देल्ल्या, वरबाप रुसला, पत्रावळी उचलून पंगत उन्हात बसली. अन् बँड वाजला तसं मोहोळ उठलं. नवरदेव घोड्यावरून उडी मारून गुरांच्या कोठ्यात शिरला. त्या दिवसापासून तालुक्यात त्याच्या भेवाले मान आला. आता तो नागपूरले पोरीकडं राहते. कधी दुपारी फोन करते अन् इचारते, "भाऊ, तिकडं वाघ-गिघ निघाला नाई ना?" नागपुरात बसून आमच्या वाघाले भिते.

माह्या खटल्याचं असं झालं. आमच्याकडं उन्हाळ्याच्या तोंडावर मोह पडते, म्हणजे मोहाच्या झाडाची फुलं. काही लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळून टाकतात, म्हणजे फुलं सोपी वेचता येतात. मग तो जाळ पसरते अन् जंगल पेटते. म्हणून आमच्या ग्रामसभेनं ठराव केला, जो जाळ लावन त्याचं मोहाचं झाड गाव काढून घेईन. मी कधी लावला नाई. माह्यी म्हातारी खराट्यानं झाडते, जशी आंगण झाडते तशी. खटल्याच्या आदल्या उन्हाळ्यात नाल्यापलीकडून वणवा आला अन् आमच्या झाडाच्या बुडापर्यंत पोचला. वनरक्षक तिथी आला तवा टोपली घेऊन मी एकटाच उभा, खिशात बिडीसाठी काडेपेटी. झाला खटला.

वकील म्हणाला, "भाऊ, कबूल करून टाका. थोडाबहुत दंड होईन, भरा अन् घरी जा. लढलो अन् हारलो त जेल होऊ शकते. तुम्ही ह्या वयात जेलात, मले झोप कशी येईन?"

"झोपेचं तुमच्या पाहू की माह्या इज्जतीचं?"

"सारेच कबूल करतात भाऊ."

"साऱ्यायचं झाड नाई जात."

तवा मी त्याले ठरावाचं सांगतलं. कोर्टात हो म्हटलं की गावात झाड गेलं. त्या झाडाखाली म्हातारी लग्न होऊन आली त्या सालापासून मोह वेचते. तिले मी काय सांगू, की दंड स्वस्त होता म्हणून तुह्यं झाड देऊन आलो?

त्यानं कपाळाले हात लावला. "म्हणजे हो म्हटलं तरी मेलो, नाई म्हटलं तरी मेलो."

"तुम्ही काऊन मरता साहेब? खटला माह्यावर आहे."

"ते तुम्हाले वाटते," तो म्हणाला.

वनरक्षकाच्या साक्षीआंधी तो झाड पाह्यले आला. पहाटे, संगं दोन माणसं, गळ्यात शिट्टी, अन् तोंडानं मोठ्यानं भजन. म्हातारी म्हणाली, "साहेब, वाघ केव्हाचा पळाला असन, आता आमाले त कान राहू द्या." झाडाखाली टप टप फुलं पडत होती अन् दर टप्पले हा दचकत होता. म्हातारीनं त्याच्या हातात टोपली देली, म्हणे हात कामात असले म्हणजे थरथरत नाई. वेचता वेचता त्यानं इचारलं, "बाई, मोह कवा पडते?"

"रातभर पडते. उन्ह चढेपर्यंत."

"अन् जाळ लावणारे कवा लावतात?"

"आदल्या दिवशी दुपारी. मोह पडून राह्यला असताना कोण लावन? आपल्याच हातानं आपलं अन्न जाळणारा येडा अजून जन्मले नाई आला."

वकील तिथीच मुळीवर बसला. कोटावर मुंगळे चढून राह्यले होते, त्याले पत्ता नाई. मले वाटलं आता ह्याचं भेव गेलं. पण उठला त म्हणे, "भाऊ, हा प्रश्न मी कोर्टात इसरलो त?" अन् घरी जाईपर्यंत भजनाच्या चालीवर तोच प्रश्न म्हणत गेला.

साक्षीच्या दिवशी त्याच्या हातून कागद दोनदा खाली पडले. वनरक्षक तरणा पोरगा, आमच्याकडचाच. त्यानं सांगतलं, सकाळी उजेडता ह्या म्हाताऱ्याले झाडाखाली जाळ लावताना डोळ्यानं पाह्यलं.

वकिलानं बारीक आवाजात इचारलं, "तुम्ही पोचले तवा भाऊच्या टोपलीत काय होतं?"

"मोह."

"कुठचा?"

"त्याच झाडाखालचा."

"जळलेला होता?"

"नाई. ताजा होता."

"तुमच्या घरी मोह वेचतात?"

"हाव. माय वेचते."

"पडलेल्या मोहावर जाळ लावणारा माणूस तुम्ही कधी पाह्यला?"

पोरगा खाली पाहू लागला. मग हळू म्हणाला, "नाई पाह्यला. धूर दिसला, भाऊ दिसले, मले वाटलं तेच असतीन."

वकील जज्जसाहेबाकडं पाहून म्हणाला, "मी बसू का?"

निकालाच्या दिवशी तो दोन्ही कान झाकून बसला. मी त्याचा हात ओढून सांगतलं, सुटलो. तो म्हणे, "नक्की? कोर्टाच्या बाबूले पुन्हा इचारून या." मी पुन्हा इचारून आलो. संध्याकाळी ग्रामसभा बसली. झाड आमचंच, असं चार लोकायसमोर ठरलं. म्हातारी खराटा शोधत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोह सोडून मी तालुक्याले गेलो, म्हातारीनं केलेले मोहाचे लाडू घेऊन. वकील आपल्या घराच्या फाटकातच उभा होता. संगं धानोऱ्याकडची एक बाई, तिचा पोरगा जेलात, त्याच्या जामिनासाठी गडचिरोलीले निघाले होते. वकिलाचं तोंड पांढरं पडलं होतं, काल माह्यासाठी होतं तेवढंच. खरं सांगतो, मले थोडं वाईट वाटलं. मी समजून होतो, ते भेव एकट्या माह्यासाठी आहे.

मले पाहून तो दचकला. "भाऊ, काय झालं? सरकारनं अपील केलं का?"

"नाई साहेब, लाडू आणले."

त्यानं डबा घेतला अन् तसाच त्या बाईच्या हातात देला. "खाऊन घ्या बाई. तुम्ही काल्लपासून काही खाल्लं नाई."

स्टँडवर पोचलो तवा गडचिरोलीची बस लागली होती. ती बाई चढली, वकील चढला, एका हातानं दांडा घट्ट धरून. उन्ह चढून राह्यलं होतं, घरी म्हातारी एकटीच वेचत असन. मी चढलो अन् त्याच्या बाजूले जाऊन बसलो. काऊन म्हणून त्यानं इचारलं नाई.