जागा कुणाच्या नावावर?

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली पूर्वी सासऱ्यांच्या तुरीच्या पोत्यांची होती. सासरे गेले, धंदा बसला, पोती गेली आणि उंदीर मागं राहिले. नवऱ्याचा टॉवेलचा कारखाना बंद पडला, तेव्हा मी ती खोली मागितली. कुणी नाही म्हणालं नाही, कारण ती कुणालाच नको होती. मी फरशी खरवडली, भिंतींना रंग मारला, जुन्या बाजारातून एक फिरती खुर्ची आणली आणि लग्नाआधी केलेल्या कोर्सच्या जिवावर पार्लर सुरू केलं. पुढं घरात फ्रिज आला, मुलीची फी भरली गेली, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते सगळं त्या खोलीतून. तेव्हा हे कुणाला बोलून दाखवलं नाही. आता दाखवते.

कुंभारीच्या अलीकडं एक मोठं मंगल कार्यालय सुरू झालं. तिथल्या मॅनेजरच्या बहिणीला नवरी म्हणून मीच सजवलं होतं. तो एक दिवस पार्लरच्या दारात येऊन म्हणाला, “मॅडम, आमच्याकडच्या सगळ्या लग्नांचा मेकअप तुमीच करा. पण बिल पक्कं लागंल. जीएसटी नंबर हाय का?”

“काढते की,” मी म्हणाले. दुकानातून टिकल्यांचं पाकीट आणावं इतक्या सहज म्हणाले.

नवऱ्याला घेऊन कर सल्लागाराकडे गेले. त्यानं आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या आणि बोलला मात्र एकट्या नवऱ्याशी. “मॅडमची वर्षाची उलाढाल किती?” असं त्यांनाच विचारलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आकडा सांगितला. सल्लागारानं तो लिहून घेतला आणि पुढचा प्रश्न परत त्यांनाच.

“एवढ्या उलाढालीला सक्ती नाही. पण स्वतःहून नोंदणी घेता येते. आधार, पॅन, फोटो, लाइटबिल द्या. जागा कुणाच्या नावावर?”

“आईच्या,” नवरा म्हणाला.

“मग त्यांचं संमतीपत्र लागेल. सून इथं धंदा करते, माझी हरकत नाही, एवढंच. साधा कागद आहे.”

तो साधा कागद मी रात्री जेवणं आटपत आली तेव्हा आत्याबाईंसमोर, म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर ठेवला. त्यांनी तो न वाचता थोरल्या दिरांकडं सरकवला. दिरांनी चष्मा लावला, सगळा वाचला, घडी केली.

“ही सही कशापायी?”

“टॅक्सच्या नंबरसाठी, भाऊजी. मालकी आत्याबाईंचीच राहती. त्यात तसं लिवलंय.”

“सरकारी कागदावर तुझं नाव ह्या जागेला चिकटलं की मग निघंल व्हय?”

माझी जाऊ, जिला मी अक्का म्हणते, बाजूला बसली होती. भावाच्या लग्नासाठी त्याच आठवड्यात मी तिचं फेशियल केलं होतं, तोंडावर चमक तशीच होती. ती म्हणाली, “टॅक्सवाले घरात शिरतील की. उद्या माझ्या पाटल्या बी मोजतील.”

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या अक्कलकोटच्या पलीकडच्या. राग आला की कानडीत जातात. “ब्याड,” त्या म्हणाल्या. नको. मग मला नीट कळावं म्हणून मराठीत, “खोली वापर म्हणलं होतं. नावावर घे म्हणलं न्हाय.”

मी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. एक वाक्य पुरलं असतं. “आई, दे सही,” एवढंच. ते ताटातला दहीभात बोटानं निपटत होते. ताट लख्ख झालं, उठले आणि हात धुवायला गेले.

दोन दिवसांनी सल्लागाराचा फोन आला, अर्थातच नवऱ्याला. सही मिळत नाही म्हटल्यावर त्यानं वाट सुचवली. “तुमच्याच नावावर नोंदणी काढा की साहेब. मुलाला आई नाही कशी म्हणेल?” नवऱ्यानं घरात सांगितलं आणि घर एका क्षणात मऊ झालं. दिरांनी खिशातलं पेन काढलं. “त्याच्या नावावर असंल तर आत्ता घेतो की आईची सही. घरचा पोरगा हाय.”

मी म्हणाले, “धंदा कोण करतंय?”

दिरांनी पेन परत खिशात ठेवलं. खोलीत गेल्यावर नवरा म्हणाला, “काय फरक पडतोय? नंबरच तर हाय. माझं काय आन तुझं काय.”

“मग माझ्या नावावर काढला तर काय फरक पडतोय?”

“तू उगं वाढवायलीस,” असं म्हणून त्यांनी चप्पल घातली आणि पानाच्या दुकानाकडं गेले.

मी जागा शोधायला लागले. भाड्यानं गाळे भरपूर होते. पण प्रत्येक मालकाचं एकच. भाडं द्या, खुशाल बसा, कागद मागू नका. एकानं तर सांगितलं, “मिस्टरांना घेऊन या, मग बोलू.” शेवटी माझी एक जुनी गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षिका, हिनं होटगी रोडकडच्या तिच्या घराचं गॅरेज दाखवलं. उपकार वगैरे काही नाही. संमतीपत्र दोनदा वाचलं, भाडेकरार रीतसर करून घेतला, अनामत घेतली आणि बजावलं, “माझ्या दारात तुमच्या बायकांच्या चपला दिसता कामा नयेत.” मग सही केली. कोणाच्या नावावर, हे तिनं विचारलंच नाही. समोर मी बसले होते.

सामान हलवलं त्या दिवशी खुर्चीचं एक टोक नवऱ्यानं उचललं. मला ते बरं वाटायला हवं होतं. उलट वाटलं की, हे न उचलता त्या रात्री तोंड उचललं असतं तर. आतून आत्याबाईंचा आवाज आला, “आरसा बी नेलीस?”

“आरसा माझा हाय, आत्याबाई.”

नोंदणीच्या आधी कर खात्याचा माणूस जागा पाहायला आला. “मालक कुठायत?” त्यानं विचारलं. “मीच,” मी म्हणाले. त्यानं सवयीनं माझ्या मागं एकदा पाहिलं. मागं कपाट होतं. मग मोबाइल काढला. “बोर्डापाशी उभ्या राहा.” मी उभी राहिले. हसायचं की नाही ते कळलं नाही.

नंबर मिळाला. कार्यालयाचं काम एक हंगाम मिळालं. मग कार्यालयाच्या मालकाच्या सुनेनं पुण्याला जाऊन कोर्स केला. मॅनेजर ओशाळून म्हणाला, “मॅडम, आता त्यांच्या घरचंच झालं बघा.” घरचं म्हटल्यावर मी काय बोलणार? त्या सुनेला सही मागावी लागली नसेल.

पेठेतल्या बायका एवढ्या लांब येत नाहीत. ज्या येतात त्या बिलातला टॅक्स बघून ओठ मुडपतात. “आयब्रोला बी टॅक्स? आमच्या गल्लीतली घेत न्हाय.” त्यांचं चुकत नाही. काम असो नसो, रिटर्न भरावंच लागतं. मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा एकदा राहिलं, तर दंड बसला. सल्लागार आता माझ्याशीच बोलतो. परवा म्हणाला, “मॅडम, सक्ती नाही तुम्हाला. रद्द करून टाकू का?” मी नाही म्हणाले. फायद्याचं काही नाही त्यात. हट्ट म्हणा.

घरची खोली वर्षभर बंद होती. मग दिरांच्या मुलानं तिथं मोबाइलचं दुकान टाकलं. त्यालाही नंबर हवा होता. सकाळी पोहे खाताना दिरांनी कागद पुढं केला, “आई, हितं.” आत्याबाईंनी चमचा खाली ठेवला, सही केली आणि चमचा परत उचलला. माझ्यासमोर. पोह्यांवर लिंबू मीच पिळून दिलं होतं.

मी अजून त्याच घरात राहते. कुठं जाणार? सकाळी निघताना त्या दुकानावरून जावं लागतं. भिंतींना आता निळा रंग आहे.

मागच्या महिन्यात नवऱ्याचे चुलतभाऊ जेऊरहून आले होते. जेवताना त्यांनी विचारलं, “वहिनी, घरची जागा सोडून येवढ्या लांब कशाला गेलाव?”

माझ्याआधी नवराच बोलला. “तिलाच हौस मोकळं राहायची. पण आमचं पार्लर झ्याक चाललंय बरं का.”

“आमचं नाही, माझं,” मी म्हणाले.

पाहुणे हसले. त्यांना गंमत वाटली. नवराही हसला. मी शेंगाचटणी आणायला आत गेले.