कव्हरवाले आबा

कव्हरवाले आबा लोकांच्या वस्तू गळ्यात घालून गावभर हिंडत. कुणी रेडिओ कव्हर शिवायला दिला, की दुसऱ्या दिवशी तो सुतळीने आबांच्या गळ्यात टांगलेला दिसे. कॅमेरा असला तर काखेत, व्यापाऱ्याचा कॅलक्युलेटर असला तर सदऱ्याच्या खिशात. ती वस्तू घेऊनच ते भाजी आणत, सायकल हाकत, नळावर भांडत. धुळ्यात आग्रा रोडवर ओळखीची माणसं त्यांना हटकत, "काय आबा, आज कोना रेडिओ शे?"

"तुना सासराना," आबा म्हणत आणि पुढे जात.

फुकट रेडिओ ऐकायला मिळतो म्हणून म्हातारा दिवस लावतो, असं लोक म्हणत. आबांचं कारण वेगळं होतं. "आधी माले टोचू दे. मंग मालकले टोचत नही." वस्तू कुठे लोंबते, वाकलं की कुठे सरकते, घाईत कोणतं बटण हाताला लागत नाही, हे अंगावर वागवल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कळलं, की मग कडुनिंबाच्या लाकडाचा त्याच मापाचा ठोकळा कोरायचा, चामडं भिजवून त्यावर ताणायचं, शिंगाच्या तुकड्याने कोपरे दाबत बसायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. उन्हात वाळवलेलं चामडं रुसतं, म्हणत. मेणाच्या दोऱ्याने शिवण घालून झाली की वस्तू आत बसवून ते कव्हर गिऱ्हाइकाच्या कानाशी धरून जोरात हलवत.

"वाजस का काही?"

"नाही आबा."

"मंग लई जा."

आबांच्या अंगी नम्रता अजिबात नव्हती. आपल्यासारखा कारागीर तापीच्या अलीकडे-पलीकडे नाही, असं ते न विचारता सांगत. बाजारात आलेल्या तयार प्लॅस्टिकच्या कव्हरांवर त्यांचा राग होता. "पोऱ्याले बापना कोट घालेल शे," म्हणून ते हसत. चपला मात्र ते मान खाली घालून, न बोलता शिवत. पोटापुरत्या त्याच येत. एकदा मी विचारलं, तेव्हा टाका ओढता ओढता म्हणाले, "चप्पल लोके दारबाहेर काढतस, भाऊ. कव्हर घरमा जास."

मी तेव्हा ऐंशीच्या दशकातला पंचविशीचा तरुण होतो आणि पाण्याच्या पंपांच्या एका एजन्सीत मेकॅनिक होतो. एजन्सीच्या समोरच कडुनिंबाखाली आबा बसत. आमच्या शेठनी विजेचा दाब मोजायचा एक मीटर आणला होता. हातात मावणारा, काचेखाली काटा हलणारा. तो घेऊन विहिरीविहिरींवर जायचं, म्हणून शेठनी आबांना कव्हर सांगितलं. आबांनी तो मीटर गळ्यात घातला आणि आमच्यासारखं विहिरीच्या काठावर वाकूनसुद्धा पाहिलं. मग पट्टा गळ्यातून न देता खांद्यावरून तिरपा दिला. "वाकशाल तवय हाई पोटले चिकटी राही. पानीमा पडाव नही," असं ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले.

शेठ खूश झाले. शोरूममध्ये पंपांच्या मधोमध एक काचेचं कपाट होतं. त्याचा वरचा कप्पा त्यांनी रिकामा केला. "आबा, इथे तुमची कव्हरं मांडा. सगळ्या मेकॅनिकना द्यायची आणि येणाऱ्या शेतकऱ्यांना दाखवायची. तुम्हीही आतच बसा." आबांनी चपला पायरीवर काढल्या, आत आले, आणि धूळ नसलेला तो कप्पा आपल्या उपरण्याने पुसून काढला.

कव्हर तयार झालं त्या संध्याकाळी मीच आणायला गेलो. आबांनी कानाशी हलवून दाखवलं. आवाज नव्हता. तिथून मी थेट शेठकडे जायला हवं होतं. मी गेलो माझ्या होणाऱ्या सासुरवाडीला. लग्न ठरलं होतं, आणि जावई नुसता नटबोल्ट पिळणारा नाही हे त्यांना दिसावं, असं मला वाटत होतं. बैठकीत सगळे जमले. मी मीटर कव्हरातून काढला आणि भिंतीवरच्या बोर्डाला तारा लावून काटा हलवून दाखवला. सासरे वाकून पाहू लागले, मेव्हण्या पुढे सरकल्या, मला आणखी रंग चढला, आणि मीटर हातातून निसटून शहाबादी फरशीवर पडला. कोपरा चेपला. काटा मधेच अडकला. कव्हरात असता तर त्याला काही झालं नसतं. मी तो उचलून कव्हरात घातला आणि कव्हराने चेपलेला कोपरा अगदी छान झाकून घेतला.

सकाळी शेठनी आबांना आत बोलावलं होतं. कव्हर पाहायला सगळे मेकॅनिक गोळा झाले. शेठनी मीटर बाहेर काढला.

"हे काय? काटा हलत नाही!"

"काल आबांकडून आणला, तसाच आहे," मी म्हणालो. हे एवढंच मी बोललो. पण तेवढं पुरलं.

एक मेकॅनिक हसून म्हणाला, "आबा गावभर हिंडाडतस ना वस्तू! आपटला असेल कुठेतरी."

आबा तोंड सोडतील, माझी लाज काढतील, या धास्तीत मी उभा होतो. आबांनी मीटर हातात घेतला आणि चेपलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पारोळाना रस्तावर मन्ही सायकल खड्डामा आदळनी व्हती. तवयच लागनं व्हई."

ज्या सवयीचा त्यांना अभिमान होता, तिनेच त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली, आणि ती साक्ष त्यांना स्वतःलाही पटली. मी तिथे होतो. माझ्या तोंडात एक वाक्य होतं. नोकरी गेली तर लग्नही मोडेल, या भीतीने मी ते गिळलं. शेठ वाईट माणूस नव्हते. ते आबांना काही बोलले नाहीत. फक्त तो कप्पा त्यांनी पुन्हा नटबोल्टच्या डब्यांनी भरला. आबा पायरीवर बसून चपला पायात घालत होते, तेव्हा मी आतल्या खोलीत काम शोधत होतो.

त्यानंतर आबांनी कुणाची वस्तू अंगावर घातली नाही. रेडिओ आणला तर म्हणत, "ठेव तुनाजवळच. मी दखी लिधं." हळूहळू लोकांनी आणणंही थांबवलं. कडुनिंबाखाली चपलाच उरल्या.

माझ्या लग्नात आबा आले. मांडवाच्या कडेला उभे होते. मी जवळ गेलो, तर त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं. माझ्या छोट्या ट्रान्झिस्टरचं कव्हर होतं. मी तो कानाला लावून पंपापाशी बसे, तेव्हा दुरून पाहून त्यांनी माप धरलं होतं. "मन्हामुळे तुले शेठसमोर खाली दखनं पडनं," ते म्हणाले. "मनमा ठेवू नको, भाऊ." मी ते घेतलं. वाकून नमस्कारसुद्धा केला. माणूस किती खाली जाऊ शकतो, हे मला त्या नमस्कारात कळलं. पण तोंड तेव्हाही उघडलं नाही.

पुढे मी जळगावला आलो. आबा गेल्याचं खूप उशिरा समजलं.

गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत एक निवृत्त शिक्षिका राहायला आल्या. बोलता बोलता कळलं, त्या आबांच्या कन्या. वडिलांचं एकही कव्हर आपल्याकडे राहिलं नाही, असं त्या म्हणाल्या. मला राहवलं नाही. म्हातारपणीही मिरवायची खोड गेली नाही. "माझ्याकडे आहे," मी म्हणालो, "माझ्या लग्नात त्यांनी स्वतः दिलेलं." त्यांचे डोळे भरून आले. मी कपाटातून ट्रान्झिस्टर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. मग वडिलांसारखंच ते कानाशी धरून हलवलं.

आत रेडिओ खडखडला.

"हे आबांचं नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "आबांचं कव्हर वाजत नाही."

मग ते का वाजतं, हे मला सांगावंच लागलं. सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी कव्हर टेबलावर ठेवून त्या उठल्या. "आयुष्यात एकच वस्तू माझ्या हातून गेली, असं आबा शेवटपर्यंत म्हणायचे," त्या म्हणाल्या. "मला एकटीला सांगून काय होणार? आबांनी चार लोकांसमोर कबूल केलं होतं. तुम्हीही चार लोकांसमोर सांगा." चहा तसाच ठेवून त्या गेल्या.

त्या सकाळी शोरूममध्ये असलेले बरेचसे आता नाहीत. जे आहेत, त्यांनी हे वाचावं. तो मीटर आबांच्या सायकलवरून पडला नाही. तो माझ्या हातून पडला. आणि धुळ्यात अजून कुणाच्या घरात आबांचं जुनं कव्हर असेल, तर त्यांनी ते कानाशी धरून एकदा हलवून पाहावं. आवाज येणार नाही. एवढं एक वाजतं, ते माझ्या घरात आहे.