बारा बनियन आणि काळी पट्टी

दोन हजार साली दिवाळी सरल्यावर धसईला देवळाच्या ओट्यावर कबड्डी संघाची बैठक झाली. वर्गणी जमली तेराशे वीस रुपये, म्हणजे एकशे दहा रुपयांप्रमाणे बरोबर बारा बनियन. हजर होते संघाचा कर्णधार, गावचा शिंपी, मोजदादीसाठी सापगावहून मुद्दाम बोलावलेला मी आणि माझे साडू. शेवटच्या माणसाचं नाव संघात नव्हतं, समितीत नव्हतं, आणि त्यांच्या होकाराशिवाय बनियनला एक टाका पडत नव्हता. कबड्डी पाहणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कबड्डीला जाऊन फक्त बनियन पाहणारा माणूस दोन तालुक्यांत एकच होता, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला होता.

त्यांची पिठाची गिरणी होती. स्वतःच्या सदऱ्याचा रंग कोणता हे त्यांनाही सांगता आलं नसतं, कारण त्यावर कायम पिठाचा थर असे. पण दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्याबद्दल त्यांची मतं दगडावरच्या रेघेसारखी. भाताची झोडणी उरकून सामने सुरू झाले की गिरणीला कुलूप लावून ते निघत. मैदानाच्या कडेला उकिडवे बसत आणि चढाई करणाऱ्याचे पाय न बघता छाती बघत. सामना संपल्यावर मी विचारायचो, "कोण जिंकलं?" ते म्हणायचे, "ते नाय बघितलं. पण पिवळ्यांची गळपट्टी बघितली का तुमी? पावसात भिजलेल्या पापडासारखी." पाठीवरचा आकडा छापलेला त्यांना चालत नसे, कापडाचा कापून शिवलेलाच लागे. छापलेला आकडा तीन धुण्यांत जातो आणि मग आठाचा खेळाडू बिनआकड्याचा होतो, हे त्यांचं म्हणणं. चकाकणारं कापड म्हणजे वरातीतला बँड. पांढरा बनियन म्हणजे पहिल्या पकडीपर्यंतचा रुबाब. आमच्या लाल मातीवर गडद निळाच शोभतो, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांची म्हैससुद्धा ते ऐकून मान हलवायची.

एकदा शेजारच्या गावच्या संघाला एका दुकानदाराने बनियन दिले. छापणाऱ्याला स्मृतिचषकांचीच कामं करायची सवय, त्यामुळे त्याने दुकानदाराच्या नावाआधी आपसूक 'कै.' घातलं. दुकानदार व्यासपीठावर हार घालून बसलेला आणि त्याच्यासमोर बारा जण त्याला कैलासवासी करून मैदानात उतरलेले. सगळं मैदान हसत होतं. आमचे साडू मात्र हसले नाहीत. सामना थांबवून त्यांनी सुईदोरा मागवला आणि त्याच कापडाचे तुकडे लावून बाराही जणांचं 'कै.' झाकलं. दुकानदाराला म्हणाले, "बसा आता बिनघोर. जिवंत केलाय तुमाला."

पण त्यांचा खरा विषय काळी पट्टी. संघातला कोणी गेला की त्याच्या नावाची काळी पट्टी बनियनवर लावायची, ही पद्धत आमच्याकडे त्यांनीच आणली आणि तिचे नियमही त्यांचेच. पट्टी छातीवर, डाव्या बाजूला. मशीनवर नाही, हातानं घातलेल्या सैल टाक्यांची, म्हणजे काढताना कापडाला भोक पडत नाही. वर्षाच्या वर ठेवायची नाही. वर्ष झालं की उसवायची आणि मयताच्या घरी नेऊन द्यायची. पट्टीचा खर्च त्या घरातून घ्यायचा नाही. आणि सगळ्यांत कडक नियम हा की पट्टी फक्त त्याची, जो संघाचा बनियन घालून मैदानात उतरला. आमचा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू हमरस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हा पहिली पट्टी लागली. वर्षानं साडू स्वतः ती द्यायला गेले. त्याच्या आईनं पट्टी घेतली, उलटी करून टाक्यांच्या खुणा बघितल्या आणि एवढंच म्हणाली, "लय घट्ट नवती ना रे शिवली?" त्या दिवशी साडू घरी येऊन जेवले नाहीत. पुढे सरपंचांचे वडील वारले. सरपंच म्हणाले, मैदान आमच्या बाबांनी दिलंय, त्यांची पट्टी लावा. साडू म्हणाले, "मैदान दिलं ना? मंग मैदानाला लावा." सरपंचांनी दोन वर्षं त्यांच्या गिरणीवर दळण पाठवलं नाही.

या माणसानं स्वतः कधी कबड्डी खेळलेली नव्हती. लहानपणी झाडावरून पडून पाय अधू झाला होता. त्याच्याबद्दल ते बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

तर त्या बैठकीत त्यांनी कापड निवडलं, गडद निळंच, आणि शेवटी आणखी एक नियम घातला. बनियन संघाचा. कुणाला स्वतःकडे ठेवायचाच असेल तर त्यानं पूर्ण किंमत भरायची. "फुकट बनियन पावण्याला देतात," ते म्हणाले, "खेळाडूला नाय." हे बोलताना त्यांनी पोटावर हात दाबून धरला होता. मला वाटलं, भूक लागली असेल.

पोटात गाठ निघाली. कल्याणच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि पुन्हा शिवलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते पांघरूण सारून टाके बघत होते. "शिलाई सरळ हाय, साडूभाऊ," म्हणाले, "पण काळा दोरा कशाला वापरला? आतापासूनच?" बाहेर आक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टरांनी तिला महिन्याच्या आतली मुदत सांगितली होती.

ती मुदत संघालाही कळली. माघात सापगावला सामने होते. शिंपी त्याआधी भाचीच्या लग्नाला आठ दिवसांसाठी जाणार होता, आणि त्याच्याशिवाय तसे टाके दुसऱ्या कुणाला जमत नव्हते. कर्णधारानं सगळ्यांना विचारून निर्णय घेतला आणि शिंपी गाडीला बसायच्या आधी बाराही बनियनवर साडूंच्या नावाच्या पट्ट्या शिवून घेतल्या. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. फक्त साडूंना कोणी विचारलं नव्हतं, आणि ते ठरल्या वेळी गेले नाहीत.

उलट सामन्याच्या दिवशी ते जीप करून थेट माझ्या दारात. सोबत आक्का, चेहरा उतरलेला. "नवे बनियन अंगावर कसे बसतात ते बघायचंय," म्हणाले. मी त्यांना हाताला धरून मैदानावर नेलं. आम्हाला बघताच आमचे अकराच्या अकरा खेळाडू शाळेत शिक्षा झाल्यासारखे हाताची घडी घालून उभे राहिले.

"हात खाली घ्या रे," साडू म्हणाले.

कोणी घेईना.

"बाळ्या, तू कर्णधार ना? घे खाली."

कर्णधारानं हात खाली घेतले. साडूंनी पट्टी वाचली, सावकाश, पहिल्या अक्षरापासून.

"काका, शिंपी लग्नाला चालला होता," कर्णधार खाली बघत म्हणाला.

"म्हणून मला आधी पाठवलास?"

"नाय हो काका... चुकलं आमचं."

साडूंनी पट्टीखाली बोट घालून टाका तपासला. "काम चांगलं हाय. डाव्या बाजूला हाय. 'कै.' नाय घातलं, ते बरं केलंत." मग त्यांचा आवाज बदलला. "पण ही काढा. मी बनियन कधी घातला? नियम माझाच हाय ना? सरपंचाला मी काय तोंड दाखवू? ब्लेड आणा."

आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना आता. पोरांनी मायेनं लावलंय."

"मायेनं नाय लावायची. खेळलेल्याला लावायची."

ते खरंच ब्लेड मागत होते. खेळाडू रडकुंडीला आले होते. बारावा गडी तापानं घरी पडलेला, त्याचा बारा नंबरचा बनियन पिशवीत तसाच होता. कर्णधारानं तो काढला आणि साडूंच्या पुढे धरला. "मंग खेळा," तो म्हणाला. "राखीव म्हणून नाव देतो. घाला."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुणाकडून तरी ब्लेड घेऊन त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी आधी ब्लेडनं त्या बनियनवरची पट्टी उसवली, "जित्या माणसानं सोताची घालायची नाय," म्हणाले, आणि मग बनियन घातला. तो त्यांच्या अंगावर खुंटीवर अडकवल्यासारखा लोंबत होता. गळपट्टी त्यांनी दोनदा सारखी केली.

मुरबाडच्या संघाशी सामना होता आणि आम्ही हरतच होतो. शेवटी कर्णधारानं टाइम घेतला आणि बदली खेळाडू मागितला. पंचांनी यादी बघितली, माणूस बघितला, पुन्हा यादी बघितली, आणि शिट्टी वाजवली. साडू मैदानाला हात लावून तो कपाळाला टेकवून आत गेले. कर्णधारानं त्यांचा हात धरून त्यांना कोपऱ्यात उभं केलं. मुरबाडचा चढाईपटू 'कबड्डी, कबड्डी' करत आला, त्यांच्यासमोर थांबला आणि त्याचे पाय पुढे पडेनात.

"अरे लाव ना हात!" साडू ओरडले. "दम जाईल तुझा! मी काय देव हाय?"

त्या मुलानं एका बोटानं त्यांच्या खांद्याला स्पर्श केला आणि परत पळाला. पंचांनी हात वर केला. साडू बाद. ते नियमाप्रमाणे मागच्या रेषेवरून बाहेर गेले, बाद झालेल्यांच्या जागेत बसले आणि मला हळूच विचारलं, "मी रेषेच्या आतच होतो ना, साडूभाऊ?"

"आतच होता."

संध्याकाळी त्यांनी बनियनची घडी करून तो कर्णधाराला परत दिला. खिशातून उसवलेली पट्टी काढून वर ठेवली. "ही परत शिवून घे," म्हणाले. "आता चालंल."

होळीच्या आधी ते गेले. शेवटचे दिवस वाईट होते, त्याबद्दल लिहीत नाही. संघानं पट्टी वर्षभर लावली आणि पुढच्या होळीच्या आधी शिंप्यानं बाराही पट्ट्या उसवल्या. कर्णधार आणि मी त्या आक्काकडे घेऊन गेलो. गिरणी बंद होती, पट्टा उतरवून ठेवलेला होता. आक्कानं पट्ट्या घेतल्या आणि विचारलं, "तो बारा नंबरचा बनियन मिळंल का?"

कर्णधारानं तो पिशवीतून काढून दिला. बहुतेक त्यानं तो त्यासाठीच आणला होता. आक्का आत जाऊन पैसे घेऊन आली.

"नको हो काकी," कर्णधार म्हणाला.

"घे," आक्का म्हणाली. "ते काय पावणे नवते."

एकशे दहा रुपये. कर्णधारानं घेतले, मोजले आणि संघाच्या पैशांत ठेवले.