बाबांची रात्रीची भूक

कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली, तरी बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सिडकोतल्या आमच्या घरातून बाहेर पडत. सातपूरला स्टोअरकीपर होते ते. आता अंबडला कुठे जागा निघते का बघतो, असं सांगत. पहिलं वर्षभर आम्ही विश्वास ठेवला. मग २००० साली, मी अकरावीत असताना, गणपती गेले आणि त्यांची रात्रीची भूकच मेली. आईने पान वाढलं की म्हणायचे, पोट जड आहे. आमच्याकडे तेव्हा पोट जड होण्यासारखं काही शिजतच नव्हतं.

आईला एवढं पुरे होतं, आणि मी तिच्यावरच गेलेय. तिने बनियनवर खिरीचा डाग शोधला, मी कपाळावर पुसलेलं गंध. मग कपाटातलं रेशमी सोवळं त्यांच्या पिशवीत सापडलं. सोवळं घेऊन कोण नोकरी शोधायला जातं? कुणी बाई त्यांना गोडधोड करून घालते आणि वर पूजाही करवून घेते, असं आईने ठरवूनच टाकलं. भांडली मात्र नाही. विचारलं आणि ते हो म्हणाले, तर मला घेऊन जायचं कुठे, याची तिला धास्ती होती.

त्यातच आजोबांचं श्राद्ध आलं. यंदा ब्राह्मण जेवायला नकोत, नुसता शिधा देऊ, असं बाबा दोनतीनदा म्हणाले. का, ते सांगेनात. आईचा संशय आणखी वाढला. आमचे नेहमीचे गुरुजी अडकले होते, तर तिने हट्टाने शेजारणीकडून पंचवटीतले एक म्हातारे गुरुजी सांगून घेतले.

गुरुजी आले तेव्हा बाबा सोवळं नेसून पाट मांडत होते. त्यांना बघून गुरुजी खूश झाले.

"वा शरदराव, इथलंही आमंत्रण आहे का तुम्हाला? बसा, दुसरं पान तुमचंच दिसतंय."

आई खिरीचं पातेलं धरून दारातच थांबली. परक्यांच्या श्राद्धाला बाबा पंचवटीत ब्राह्मण म्हणून जेवत होते. श्राद्धाचं जेवलेला माणूस त्या रात्री पुन्हा जेवत नाही. ते तो नियम पाळत होते की आमचं एक पान वाचवत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मला त्यांची भयंकर लाज वाटली, आणि लगेच माझी.

गुरुजींना घोटाळा कळला. आपली नजर कमी झालीय, ते दुसरेच कुणी असतील, असं ते पुटपुटायला लागले. बाबांनी तेवढ्यावर निभावून न्यायला हरकत नव्हती.

"नाही गुरुजी, मीच तो," ते म्हणाले. "फक्त आजचं घर माझं आहे."

गुरुजी जेवून गेल्यावर आईने बाबांना वाढलं. मी मागे भांडी आवरत होते. खाली मान घालून आई हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं, बाई आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"अगं, बाई ठेवायलाही नोकरी लागते."

आणि ते हसायला लागले. आई हसली नाही. त्यांना ते हसू काही केल्या आवरेना, तेव्हा तिने मला बाहेर जायला सांगितलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.