निनावी अर्जाची भाषा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगायला जरा सोपं जातंय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि दामले सरांनाही ओळखत नव्हता.

सुरुवात प्रदर्शनापासून करते. म्हणजे तिथून करायला मला बरं पडतं. कसबा पेठेत काय काय बदललं, यावर आमच्या छोट्या संस्थेनं गेल्या वर्षी एक प्रदर्शन केलं. फोटो, नकाशे, जुन्या दुकानांच्या पाट्या, आणि शेवटी एक काळोखी खोली, जिच्यात बघायला काहीच नाही, फक्त ऐकायचं. त्या खोलीचं काम रेहानला द्यायचं मीच ठरवलं. रेहान पक्का पुणेकर, आजोबांचं अत्तराचं दुकान मंडईजवळ होतं. तो आवाज गोळा करतो आणि त्यातून कलाकृती उभ्या करतो. त्याला काम सांगणारं पत्र मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं — 'पेठेतून नाहीसा झालेला तांब्यावरचा ठोका पुन्हा ऐकू यावा.' संस्थेत सगळ्यांना ते वाक्य फार आवडलं. नाहीसा झालेला! कसा झाला, हे कोणी विचारलं नाही. आणि मी तरी कशाला सांगतेय?

पेठेत मी राहते त्या इमारतीत, तळमजल्यावर मागच्या बाजूला दत्तूअण्णांचं दुकान होतं. अण्णा तांबट. भांड्यावर हातोडीचा एकेक ठोका देत, शेजारी शेजारी चकचकीत खळ्या पाडत जायचं, हे त्यांचं काम. सकाळी नऊला ठक-ठक सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. पण त्यांची एक रीत होती. गल्लीत कोणी वारलं, की अण्णा कोणी न सांगता हातोडी खाली ठेवायचे. त्या घरातले दिवसवार होईपर्यंत घासायची-पुसायची, बिनआवाजाची कामं काढायचे. दहावीच्या परीक्षेतही तेच. कोणी आजारी आहे एवढं कानावर घातलं तरी पुरायचं. म्हणजे मला काय करायला हवं होतं? तीन जिने उतरायचे आणि सांगायचं. बस.

मी तेव्हा खराडीतल्या एका कंपनीत होते आणि घरून काम करायचे. एकदा मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, तू घरात बसली आहेस की कारखान्यात? सगळे हसले. मीही हसले. पण मला ते फार लागलं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं — घरात आजारपण नव्हतं, तान्हं मूल नव्हतं. चारचौघांत हसं झालं, इतकंच.

म्हणून मी महापालिकेत तक्रार अर्ज केला. निनावी. आता तुम्ही म्हणाल, असे अर्ज पुण्यात रोज पडतात, त्यात काय एवढं? थांबा. अजून मी मूळ गोष्टीला हातच घातलेला नाही.

पहिल्या मजल्यावर, अण्णांच्या दुकानाच्या बरोबर वर, दामले सर राहायचे. निवृत्त शिक्षक. इमारतीतल्या सगळ्या सूचना तेच लिहायचे. 'लिफ्टचे दार हळू लावावे. दार नवे आहे, माणसे जुनी आहेत.' असल्या पाट्या. सरांची पाटी खाली नाव नसलं तरी ओळखू यायची. आणि रोज सकाळी सर अण्णांच्या दुकानात स्टुलावर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे. ठोका पडला की थांबायचे, मग पुढचा शब्द. अग्रलेख संपायला अकरा वाजायचे. चाळीस वर्षं हे चाललं होतं. दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी स्टूल पुसून ठेवलेलं असायचं.

अर्ज सरांच्या भाषेसारखा झाला. असा 'झाला' — हे मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. पुण्यात वाढलेलं माणूस तक्रार लिहायला बसलं की असंच लिहिणार, नाही का? खोटं आहे ते. मी तो तीन वेळा खोडून लिहिला. 'लोकवस्तीत कारखाना आहे की कारखान्यात लोकवस्ती, याचा एकदा खुलासा व्हावा. दुपारी एक ते चार ज्येष्ठ नागरिकांनी झोपावे, की ठोके मोजावेत?' माझं वय तेव्हा चाळीससुद्धा नव्हतं. मी कुठली ज्येष्ठ नागरिक? मला कोणी ओळखू नये म्हणून दुसरं कोणीतरी ओळखू यावं, असा बेत होता. सरांच्या पाट्या समोर ठेवून मी तो अर्ज लिहिला. मुद्दाम. आणि लिहून झाल्यावर तो बरा जमलाय म्हणून मला हसूही आलं होतं.

चौकशीला माणसं आली. त्यांनी अण्णांना कागद दाखवला. अण्णांनी तो वाचला, परत दिला, आणि दुसऱ्या दिवशी स्टूल आत ठेवून दिलं. सर खाली गेले. मी हे लिहिलेलं नाही, असं त्यांनी अण्णांना सांगितल्याचं मी जिन्यातून ऐकलं. अण्णा म्हणाले, "असू द्या सर, म्हाताऱ्या माणसाला झोप पाहिजेच." सर जिना चढून वर आले तेव्हा मी तिथेच उभी होते. त्यांनी मला वाट दिली. मी आभार मानून खाली गेले.

अण्णांनी चार महिन्यांत बाडबिस्तरा आवरला आणि धायरीला एका शेडमध्ये गेले. सर त्यानंतर दोन वर्षांनी वारले. त्यांनी पुन्हा एकही पाटी लिहिली नाही.

मग मी नोकरी सोडली, संस्थेत आले, आणि पेठेचे नाहीसे झालेले आवाज वाचवायला निघाले. काय म्हणावं याला? रेहान म्हणाला, ठोका जिथला आहे तिथेच घ्यायचा. दुकानाची जागा रिकामी पडली होती. किल्ली मी मिळवली. अण्णा हातोडी आणि एक अर्धवट घंगाळ घेऊन रिक्षानं आले. रेहाननं हेडफोन कानाला लावून रेकॉर्डिंगचं यंत्र चालू केलं. अण्णांनी थोडा वेळ ठोकलं, मग हात थांबवून वर छताकडे बघितलं.

"गल्लीत कोणी गेलं की मी हात थांबवायचो, ताई. सर गेल्याचं कळलं, त्या दिवशी नाही थांबवला. मुद्दाम अंधार पडेपर्यंत ठोकत बसलो." मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही तर इथेच असायचा. सरांनीच लिहिला असेल ना हो तो अर्ज?"

यंत्र चालू होतं. खोलीत आम्ही तिघंच. याहून चांगली वेळ मला कधी मिळणार होती? मी म्हणाले, "आता काय सांगू अण्णा. सरांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे."

हे मी म्हणाले. अर्ज लिहिताना मला सरांचा राग तरी कुठे होता? आणि आता तर ते हयातही नव्हते. त्या संध्याकाळी मी रेहानला सांगितलं, बोलणं पुसून टाक, फक्त ठोके ठेव. काम सांगणारी मी. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुसून टाकलं.

उद्घाटनाला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले. काळोख्या खोलीत चारी बाजूंनी त्यांचे ठोके पडत होते. लोक डोळे मिटून ऐकत होते. मला दोघीतिघींनी मिठी मारली. तेवढ्यात दामले काकू आल्या. त्यांना निमंत्रण मी पाठवलेलं नव्हतं. पेपरात वाचून त्या आपल्या आपण आल्या. त्या बराच वेळ ऐकत उभ्या राहिल्या, मग अण्णांना म्हणाल्या, "ह्यांना दुपारी याच्यावरच झोप लागायची. तुम्ही गेलात, आणि ते रोज एकला आडवे व्हायचे ते चारपर्यंत नुसते जागे."

काकूंचा चेहरा त्या अंधारात नीट दिसत नव्हता, पण त्या आरोप करत नव्हत्या. त्या फक्त सांगत होत्या. मग अण्णा माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "ताई, हे जरा बंद करता का?"

मी बंद केलं. यंत्रात काही बिघाड झाला असं लोकांना वाटलं, ते बाहेर गेले. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून तसेच राहिले. काकू त्यांच्याजवळ उभ्या होत्या. मी दाराशी होते. कोणी अर्ज लिहिला, हे अण्णांनी या वेळी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला माहीत आहे. पाऊण तासानं अण्णा उठले आणि निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही आमच्यासाठी फार केलंत."

मी म्हणाले, त्यात काय.

मग मी आत गेले आणि ठोके पुन्हा चालू केले. प्रदर्शन महिनाभर चाललं. अण्णा धायरीला असतात, काकू अजून पहिल्या मजल्यावर. जिन्यात भेटतात, मी त्यांची पिशवी वर नेऊन देते. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. त्या दोघांना सांगितलेलं नाही.