ऊर्होचा दुसरा कप

कल्पना करा, तुम्ही एका उजेडाच्या खोलीत बसला आहात. फोन बाहेरच्या कपाटात कुलूपबंद आहे. पुढ्यात रेघांचे कोरे कागद आणि पेन्सिल. खिडकीपाशी पहाऱ्याला बसलेली बाई मोजा विणतेय. काम एवढंच, की वर्षभराहून जास्त काळ ज्या विषयात तुम्ही बुडालेले होतात आणि ज्यावर प्रबंध लिहिलात, त्यावर चार पानं लिहायची. पुस्तक नाही, टिपणं नाही. प्रबंध तुमचाच आहे, तेव्हा अवघड असं काय आहे त्यात?

आमच्याकडे, उत्तरेच्या या बर्फाळ देशात, पदवी हातात पडण्याआधी प्रत्येकाला हे करावं लागतं. याला परिपक्वतेची परीक्षा म्हणतात. प्रबंध ज्यानं लिहिला तो हाच माणूस आहे, आणि त्याला विषय खरंच कळलाय, एवढं बघायचं असतं. सहसा कुणी नापास होत नाही.

रायली टोल्वानेन त्या खोलीत बसली तेव्हा तिनं प्रश्न वाचला आणि ती मनातल्या मनात हसली. प्रश्न होता: तुमच्या मुलाखतींपैकी एक निवडा, त्या व्यक्तीच्या शब्दांवरून तुम्ही निष्कर्षापर्यंत कशा पोहोचलात ते लिहा.

तिनं लगेच म्हाताऱ्या ऊर्होला निवडलं. दुसऱ्या कपाची गोष्ट. तीच तर सगळ्या प्रबंधाचा कणा होती. पेन्सिल कागदाला टेकली आणि तिथेच थांबली.

रायली आमच्या कागद कारखान्यातली. तिचे वडील तिथेच होते, नवरा एसा तिथेच भेटला. ती प्रयोगशाळेत पाळीवर असायची, लगद्याची तपासणी करायची. कारखाना बंद झाला तेव्हा ती पंचेचाळिशीच्या पुढे गेली होती. एसानं बर्फ उपसायच्या गाडीवर काम धरलं. रायलीनं परिचारिकेच्या शिक्षणाला नाव घातलं.

"आता तू मला सुया टोचणार?" एसा म्हणाला.

"तुझी कातडी जाड आहे. सुई वाकेल."

सुयांची तिला भीती नव्हतीच, तिला भीती होती लिहिण्याची. शाळेत तिच्या निबंधांवर इतकी लाल शाई असायची, की मूळ अक्षर शोधावं लागे. बोलण्यापासून मात्र तिला कुणी थांबवू शकत नसे. म्हणून प्रबंधासाठी तिनं मुलाखतींचा विषय घेतला: एकटी राहणारी म्हातारी माणसं जेवतात कशी.

ओउलुयार्वी तळ्याच्या काठानं ती घरोघर गेली. सोबत दालचिनीचे पाव न्यायची. पाचव्या घरी ऊर्हो केम्पाइनेन भेटले. पूर्वी लाकूडतोडे होते, आता नव्वदीला टेकलेले. रेडिओवर समुद्राच्या हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या.

"इथून समुद्र केवढा लांब आहे, ऊर्हो. तुम्ही हे कशाला ऐकता?"

"म्हणूनच ऐकतो, पोरी. वादळ दुसऱ्याकडे आहे हे कळलं की कॉफी गोड लागते." मग त्यांनी टेबलावरच्या रेकॉर्डरकडे बघितलं. "हे माझं बोलणं खातंय होय?"

"खातंय. पण प्रबंध मंजूर झाला की सगळं पुसून टाकणार. तसं लिहूनच दिलंय मी तुम्हाला."

"मग मला जरा शहाण्यासारखं बोललं पाहिजे," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी दोन कप काढले. एक स्वतःपुढे ठेवला. दुसरा खिडकीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवून त्यात अर्धा कप कॉफी ओतली. रायलीपुढे तिसरा आला, पाहुण्यांचा, सोनेरी काठाचा.

खिडकीकडच्या कपाकडे बघत तिनं विचारलं, हा कुणाचा? ऊर्हो काहीतरी बोलले. एकच वाक्य. शेवट मिशीत गेला, आमच्याकडची माणसं बोलतात तसा. रायलीला आधी हसू आलं, आणि हसता हसता ती थबकली, हातातला पाव तिनं खाली ठेवला. एवढं तिला आजही स्पष्ट आठवतं. घरी येऊन रेकॉर्डिंग मागेपुढे करत तिनं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून काढलं होतं.

पहिला खर्डा तिनं स्वतः लिहिला. मार्गदर्शक शिक्षिका होती आनुक्का लेस्केला. ती रायलीहून वयानं लहान, स्वभावानं चांगली. तिनं खर्डा परत दिला तेव्हा ती अवघडली होती.

"रायली, मुलाखती सुंदर आहेत. पण हे तू मला स्वयंपाकघरात बसून सांगतेयस असं वाटतं. प्रबंधाची भाषा वेगळी असते."

"मग आता मी काय करू? जीभ बदलून आणू?"

"एआय वापर ना. भाषेसाठी चालतं. फक्त शेवटी कशासाठी वापरलंस ते लिही."

हे सगळं सरळच होतं. नियमांचं पत्रक रायलीनं दोनदा वाचलं. नावं काढली, गावं काढली, ऊर्होचं नुसतं 'पाचवी व्यक्ती' केलं. मग एकेक प्रकरण एआयला देऊन ती सांगायची, हे प्रबंधाच्या भाषेत कर. उत्तर आलं की तिला हायसं वाटायचं. जन्मात पहिल्यांदा तिच्या लिखाणात लाल शाईला जागा उरली नव्हती. ती ते मोठ्यानं वाचायची, पुन्हा वाचायची. एसा म्हणायचा, "हे तू लिहिलंस? मंत्रीणबाई वाटतेस." ती लाजायची.

त्या नीटनेटक्या पानांत अवतरणंही नीटनेटकी झाली होती. पाचवी व्यक्ती म्हणत होती, 'दिवंगत पत्नीसाठी टेबलावर स्थान राखल्यामुळे मला भोजनसमयी सहवासाची अनुभूती मिळते.' हे वाक्य रायलीनं पाहिलं होतं. तिला ते खटकलंही होतं, थोडंसंच. पण अर्थ तोच आहे असं तिला वाटलं. खुर्ची रिकामी, बायको गेलेली. दुसरं कोण असणार? त्या वाक्यावरूनच पुढचा निष्कर्ष निघाला, की गेलेल्या जोडीदाराची जागा सांभाळल्यानं म्हातारी माणसं नीट जेवतात. आनुक्काला तो फार आवडला.

प्रबंध मंजूर झाला. शेवटी रायलीनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: भाषा सुधारण्यासाठी एआयची मदत घेतली. आणि त्याच संध्याकाळी तिनं शब्द पाळला. रेकॉर्डिंग पुसलं, उतरवलेले कागद पहिल्या खर्ड्यासकट चुलीत घातले, एआयबरोबरची सगळी संभाषणं काढून टाकली, संगणकातली कचरापेटी रिकामी केली.

"आता मलाही पुसून टाक," एसा म्हणाला. "मीही तुझं ऐकलंय."

आमची माणसं या बाबतीत अशीच. पुसतो म्हटलं की पुसतात. एखादी प्रत मागे ठेवावी, असं रायलीच्या मनातही आलं नाही. आलं असतं तर तिला ती चोरी वाटली असती.

तर त्या परीक्षेच्या खोलीत ती ऊर्होचं वाक्य आठवत बसली. रेडिओ आठवला. सोनेरी काठ आठवला. त्यांच्या अंगठ्याचं तुटकं नख, टेबलक्लॉथवरचा डाग, सगळं आलं. आवाजसुद्धा आला, खर्जातला. फक्त त्या आवाजात शब्द येत होते ते 'भोजनसमयी सहवासाची अनुभूती' असे. तिनं डोळे मिटले, पुन्हा ऐकलं. ऊर्हो मिशीतल्या मिशीत तेच म्हणत होते. शेवटी वेळ संपत आली म्हणून तिनं जे आठवत होतं ते लिहिलं. चार पानं झरझर झाली. इतक्यांदा वाचलेलं होतं की काही चुकलंच नाही.

ती उत्तीर्ण झाली. आनुक्कानं शेरा लिहिला, भाषा परिपक्व आहे.

घरपोच शुश्रूषेच्या कामावर रायली रुजू झाली त्या हिवाळ्यात ऊर्हो गेले. दफनानंतरच्या कॉफीला ती चर्चच्या दालनात गेली. काळ्या कपड्यातली एक बाई सरळ तिच्याकडे आली. ही ऊर्होची मुलगी तूलिक्की, लांब तांपेरे शहरात राहणारी.

"तू रायली ना? तुझा प्रबंध मी इंटरनेटवर वाचला. नाव नव्हतं, पण समुद्राचं हवामान ऐकणारा लाकूडतोड्या दुसरा कोण असणार?"

"तुला वाईट वाटलं असेल तर..."

"नाही गं. तो कप आम्ही सगळ्यांनी बघितलाय. मी विचारलं, भावानं विचारलं. बाबा म्हणायचे, बाहेर बर्फ किती पडलाय बघ. आम्हाला कधीच सांगितलं नाही. तुला सांगितलं." तिनं हातातली बशी खाली ठेवली. "पण बाबा असं बोलायचे नाहीत. अनुभूती! हा शब्द त्यांनी कुऱ्हाडीनं तोडला असता. खरं काय म्हणाले ते?"

रायलीनं तोंड उघडलं. तिच्या तोंडात तेच वाक्य तयार होतं. ते बाहेर पडू नये म्हणून तिनं ओठ मिटले.

"आईबद्दल काही बोलले असतील," ती मग म्हणाली.

तूलिक्की तिच्याकडे बघतच राहिली. "आई? आई कॉफी प्यायचीच नाही. वासानं तिला मळमळायचं. ती जन्मभर दूध प्याली. आणि आई असतानाही तो कप भरायचे ते."

रायलीनं हातातला कप टेबलावर ठेवला. 'दिवंगत पत्नी' हे शब्द ऊर्होचे होते का? की तिचे? की त्या सुधारलेल्या पानाचे? तिला सांगता येईना. मूळ बघायला मूळ उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आनुक्काकडे गेली. आनुक्कानं सगळं ऐकून घेतलं, कॉफी थंड होईपर्यंत.

"तू नावं काढलीस. वापर जाहीर केलास. रेकॉर्डिंग नष्ट केलंस. नियम एकही मोडलेला नाही, रायली."

"पण ते खोटं असलं तर?"

"खोटं आहे हे तुला माहीत आहे का?"

"नाही."

"मग मी कशाच्या जोरावर प्रबंध मागे घेऊ?" आनुक्का हळूच म्हणाली. "तुझा पहिला खर्डा मीही वाचला होता, पण ते वाक्य मलाही आठवत नाही."

रविवारी दुपारी रायलीनं एआयलाच विचारलं. लाकूडतोड्या, रिकामी खुर्ची, अर्धा कप, सगळं घातलं आणि लिहिलं, हा माणूस मुळात काय म्हणाला असेल? क्षणात तीन वाक्यं आली. आमच्या भागातल्या बोलीत, मिशीत संपणारी. पहिल्यात कप मेलेल्या भावाचा होता, दुसऱ्यात झाडाखाली चिरडलेल्या सोबत्याचा, तिसऱ्यात यायचं कबूल करून न आलेल्या कुणाचा तरी. तिन्ही वाचताना ती आधी हसली, आणि मग तशीच थबकली.

एसानं खांद्यावरून वाचलं. "दुसरं बरं आहे. तेच सांग तूलिक्कीला. तिला काय कळणार?"

"तिला नाही कळणार. पण मलाही कळत नाहीये, एसा. तिन्ही मला ऐकल्यासारखी वाटतायत."

तिनं तूलिक्कीला फोन करून सांगितलं, मला आठवत नाही. मग तूलिक्की म्हणाली, घर विकलं, भांडी वाटून टाकली. आवाजात राग नव्हता. राग असता तर रायलीला बरं वाटलं असतं.

प्रबंध अजून इंटरनेटवर आहे. नव्या विद्यार्थ्यांनी त्यातलं ते वाक्य आपापल्या प्रबंधांत घेतलंय, असं आनुक्का सांगते. रायली रोज सकाळी म्हाताऱ्यांच्या घरी जाते, गोळ्या मोजते, पायमोजे चढवते, कॉफी ओतते. कुणी काही बोललं की हातातलं काम थांबवून ते शब्द पुटपुटते, एकदा, दोनदा. म्हातारे हसतात, ही बहिरी झाली म्हणतात. आणि गाडीत बसल्यावर, किल्ली फिरवण्याआधी, ती तिथेच अडून बसते: ऊर्होनं तो दुसरा कप भरला होता तरी कुणासाठी?